छांदिष्टाची कर्मशाळा आणि मोटारसायकलचे सुटे भाग

यंत्राचा एखादा भाग मोडला म्हणजे आपण दुकानात जाऊन तसाच दुसरा विकत आणतो. परंतु यंत्र इतके जुने असेल की तसा भाग आता कोणी बनवीतच नाही, किंवा त्या भागाकडून मूळ निर्मात्यानेही अपेक्षिले नव्हते असे काम घ्यावयाचे असेल, तर काय करावे? अशा वेळी एकच मार्ग उरतो. तो भाग स्वतः योजावा आणि स्वतःच घडवावा. हा उद्योग निव्वळ आवडीने करणारे कारागीर अनेक देशांत आहेत. त्यांच्या हातचे काम वरवर कसबाचे वाटते; पण त्याच्या मुळाशी उष्णता, गती आणि धातूंचे बल यांचे नियम असतात. एका प्रसिद्ध छांदिष्टाच्या उदाहरणावरून ते नियम आपण समजून घेऊ.

१. इन्व्हरकारगिलचा कारागीर

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळ इन्व्हरकारगिल नावाचे शहर आहे. त्याच्या परिसरात १८९९ साली जन्मलेले बर्ट मन्रो यांनी १९२० साली ‘इंडियन स्काउट’ नावाची मोटारसायकल विकत घेतली. या नावाचा आपल्या देशाशी संबंध नाही. ते एका अमेरिकन कंपनीचे नाव होते. गाडीच्या एंजिनाचे आकारमान सुमारे ६०० घन सेंटिमीटर होते आणि तिचा कमाल वेग ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर होता. १९२६ च्या सुमारास मन्रो यांनी तिच्यात फेरफार करण्यास आरंभ केला, तो पुढे चार दशकांहून अधिक काळ चालू राहिला.

त्यांच्यापाशी कारखाना नव्हता, मोठे भांडवलही नव्हते. ते दिवसा पोटाचा व्यवसाय करीत व रात्री आपल्या शेडमध्ये काम करीत. जुन्या डब्यांचे साचे करून त्यांत ते धातू ओतीत. दट्ट्या, ज्याला आपले कारागीर पिस्टन म्हणतात, तो ते स्वतः बनवीत. दट्ट्याला फिरत्या दांड्याशी जोडणारा जोडदांडा त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या आसाच्या पोलादातून हाताने कोरून काढला. जे भाग मोडत ते टाकून न देता ते एका फळीवर मांडून ठेवीत आणि ‘वेगदेवतेला वाहिलेला नैवेद्य’ अशा अर्थाची पाटी त्यांनी त्या फळीवर लिहिली होती.

अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण सपाट मैदान आहे. तेथे मन्रो यांनी १९६२, १९६६ व १९६७ या वर्षी आपापल्या वर्गातील वेगाचे विक्रम केले. १९६७ साली ते अडुसष्ट वर्षांचे होते. त्यांची गाडी सत्तेचाळीस वर्षांची होती आणि तिचे एंजिन वाढत वाढत ९५० घन सेंटिमीटरपर्यंत गेले होते. त्या वर्षी त्यांचा विक्रमी वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटर नोंदला गेला. १९७८ साली मन्रो वारले. पुढे त्या जुन्या नोंदीतील आकडेमोडीत चूक असल्याचे त्यांच्या पुत्राच्या ध्यानात आले आणि २०१४ साली विक्रम ताशी सुमारे २९६ किलोमीटर असा दुरुस्त करण्यात आला. मापन आणि गणित पुन्हा तपासून पाहावे, हा या विषयातील पहिलाच धडा होय.

२. तापलेला दट्ट्या

दट्ट्या सिलिंडरच्या आत वरखाली सरकतो. तो फार सैल असेल तर जळलेला वायू त्याच्या कडेने निसटतो. तो घट्ट असेल तर एंजिन तापताच सिलिंडरमध्ये आवळून बसतो आणि धावत्या गाडीचे मागील चाक एकाएकी अडकते. तेव्हा दोहोंमध्ये मोकळीक किती ठेवावी हे ठरविणे महत्त्वाचे आहे.

दट्ट्या बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, तर जुन्या एंजिनांतील सिलिंडर बिडाचा. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले असता अशा मिश्रधातूची लांबी दर दहा लक्ष भागांत सुमारे २२ भागांनी वाढते. बिडाची वाढ याच्या निम्मी, सुमारे ११ भाग असते. समजा, दट्ट्याचा व्यास ७० मिलिमीटर आहे. त्याचा माथा २०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.३१ मिलिमीटरने वाढेल. सिलिंडर बाहेरून थंड होत असल्यामुळे तो १०० अंशांनीच तापला असे धरले, तर त्याचा व्यास सुमारे ०.०८ मिलिमीटरने वाढेल. म्हणजे थंड असताना माथ्यापाशी निदान ०.२३ मिलिमीटर मोकळीक हवी.

दट्ट्याचा खालचा भाग इतका तापत नाही. तो ११० अंशांनी तापला तर तेथे सुमारे ०.०९ मिलिमीटर मोकळीक पुरेल. यावरून चांगला दट्ट्या माथ्याकडे किंचित निमुळता का कातलेला असतो, हे वाचकांच्या ध्यानात येईल. डोळ्यांना तो सरळच दिसतो. त्याचा निमुळतेपणा केवळ सूक्ष्ममापीला कळतो.

३. जोडदांड्यावरील ओढ

एंजिन मिनिटाला ५००० फेरे करीत असेल, तर दट्ट्या दर सेकंदाला सुमारे १६७ वेळा थांबतो आणि उलट दिशेने निघतो. प्रत्येक वेळी त्याला थांबविण्याचे व परत खेचण्याचे काम जोडदांड्याला करावे लागते. दट्ट्याची धाव ७८ मिलिमीटर, वजन ३०० ग्रॅम आणि जोडदांड्याची लांबी धावेच्या दुप्पट धरून गणित केले, तर माथ्यावरच्या टोकाला ही ओढ सुमारे ४०० किलोग्रॅम वजनाइतकी भरते. फेरे निम्मे, म्हणजे २५०० केले, तर हीच ओढ सुमारे १०० किलोग्रॅमवर येते. फेरे दुप्पट झाले की भार चौपट होतो, असा हा नियम आहे.

मूळ निर्मात्याने जोडदांडा मंद गतीच्या एंजिनासाठी योजला होता. मन्रो यांना एंजिन कितीतरी जलद फिरवावयाचे होते. त्यामुळे जुना भाग पुरेसा पडणे शक्यच नव्हते. ट्रॅक्टरचा आस त्यांनी निवडला यातही अर्थ होता. वारंवार पिळले जाऊनही तुटू नये अशाच चिवट पोलादाचा आस करतात.

४. धातूचा शीण आणि धारदार कोपरा

१८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आस मोडला आणि त्या अपघातात पन्नासांहून अधिक माणसे दगावली. आसावर त्या दिवशी काही असाधारण भार पडला नव्हता. तोच भार पुनःपुन्हा पडून धातू शिणतो, त्यात बारीक तडा जातो, तडा वाढत जातो आणि एके दिवशी भाग तुटतो, ही गोष्ट पुढे हळूहळू स्पष्ट झाली. जर्मन अभियंता आउगुस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून या शिणाचा पद्धतशीर अभ्यास केला.

हा तडा बहुधा धारदार कोपऱ्यात सुरू होतो. ओढल्या जाणाऱ्या रुंद पट्टीत एक लहान गोल छिद्र असेल, तर छिद्राच्या कडेशी ताण सरासरीच्या तिप्पट होतो. खाच जितकी टोकदार तितका हा ताण अधिक. म्हणून कसलेला कारागीर जाड व बारीक भागांच्या सांध्यावर नेहमी गोलाई ठेवतो आणि कानशीचे ओरखडे घासून गुळगुळीत करतो. ही झिलई शोभेसाठी नसते, तडा सुरू होऊ नये म्हणून ती केलेली असते.

५. नवशिक्याने प्रथम काय करावे

आरंभ अशा भागापासून करावा की जो बिघडला तर गैरसोय होईल, पण इजा होणार नाही. गिअरच्या पेडलचे झिजलेले बुश हे उत्तम उदाहरण आहे. पेडल खडखडू लागले म्हणजे ते बुश बदलावे लागते.

प्रथम पेडल ज्या खिळीवर फिरते तिचा व्यास तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजावा, म्हणजे खिळी एका बाजूने झिजली आहे काय ते कळते. समजा, मापे १४.९५ ते १४.९८ मिलिमीटर भरली. बुशाचे छिद्र १५.०२ ते १५.०६ मिलिमीटर ठेवावे. मग कमीत कमी मोकळीक ०.०४ आणि जास्तीत जास्त ०.११ मिलिमीटर राहील. ही दोन्ही टोके आराखड्यावर लिहून ठेवावीत. ‘बरोबर १५ मिलिमीटर’ असे कोणत्याही यंत्रावर कातता येत नाही. किती चूक चालेल हे आधी ठरविणे, यालाच योजना म्हणतात.

धातू गनमेटल घ्यावा. पोलादी खिळीवर तो चांगला सरकतो, आणि झिजायचेच झाल्यास स्वस्त बुश झिजते, खिळी वाचते. लेथवर तुकड्याचे तोंड सपाट करावे, मध्यबिंदू पाडून किंचित लहान छिद्र करावे आणि बाहेरील व्यास पेडलच्या भोकापेक्षा ०.०२ ते ०.०३ मिलिमीटर मोठा ठेवावा. कडांची धार काढून तुकडा कापून घ्यावा व पेडलमध्ये दाबून बसवावा. दाबताना बुश आक्रसते आणि छिद्र थोडे लहान होते. म्हणून छिद्राचे शेवटचे माप बुश बसविल्यानंतर रीमरने आणावे. नवशिके नेमके येथेच फसतात.

लेथवर काम करताना चष्मा लावावा. सैल बाह्या, हातमोजे व गळ्यातील वस्तू टाळाव्यात. चकची किल्ली चकमध्ये कधीही ठेवू नये.

६. मर्यादेचे भान

ब्रेक, चाके, सुकाणू आणि त्यांना धरणारे भाग हौसेने करण्याचे नव्हेत. ते मोडले तर चालविणाऱ्यासह रस्त्यावरील इतरांचाही जीव जातो. मन्रो यांनी धोका पत्करला तो मुख्यतः मोकळ्या मैदानात. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने निर्मात्याच्या मूळ नमुन्यापासून वाहनात मनमानी फेरफार करण्यावर निर्बंध घातले आहेत. तेव्हा रस्त्यावरील गाडीस हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

आज आराखडा संगणकावर काढता येतो आणि संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे तो धातूत उतरवितात. पण मोकळीक किती, गोलाई कोठे आणि धातू कोणता, हे यंत्र आपण होऊन ठरवीत नाही. ते योजणाऱ्यालाच ठरवावे लागते. मन्रो यांच्या फळीवरचा प्रत्येक मोडका तुकडा असाच एक प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर शोधून त्यांनी पुढचा तुकडा घडविला.

अभ्यास

१. दट्ट्याचा व्यास ६० मिलिमीटर आहे. तो १८० अंशांनी व बिडाचे सिलिंडर ९० अंशांनी तापले, तर थंड असताना निदान किती मोकळीक हवी? (उत्तर: सुमारे ०.१८ मिलिमीटर.)

२. एंजिनाचे फेरे ५००० वरून ६००० केले, तर जोडदांड्यावरील ओढ किती पट होईल? (उत्तर: १.४४ पट.)

३. कागद अडकविण्याची तारेची चाप सरळ करा. ती एकाच जागी मागे-पुढे वाकवा व किती वेळा वाकविल्यावर तुटते ते मोजा. दुसऱ्या चापेवर कानशीने बारीक खाच पाडून तेथेच वाकवा. दोन्ही आकड्यांची तुलना करून फरकाचे कारण लिहा.