घराच्या बाहेरील भिंतीची स्वच्छता : एक पाठ

दिवाळी, नाताळ अथवा घरातील लग्नकार्य जवळ आले म्हणजे खेडोपाडी चुन्याच्या बादल्या व कुंचले बाहेर निघतात. दोन दिवसांत घर पांढरेशुभ्र होते, आणि पाहुणा अंगणात पाऊल ठेवताच यजमानास समाधान वाटते. ही चाल चांगलीच आहे. परंतु पुष्कळ घरी असा अनुभव येतो की, पुढील पावसाळा संपताच तोच हिरवा पट्टा, तोच काळा ओघळ व तोच फुगलेला गिलावा त्याच जागी पुन्हा उभा राहतो. मग चुना वाईट होता, किंवा मजुराने हात राखून काम केले, असे आपण म्हणतो. वास्तविक दोष बहुधा चुन्याचा नसतो व मजुराचाही नसतो. भिंतीवरील डाग हा पाण्याची वाट दाखवीत असतो. आपण डाग झाकतो, आणि वाट तशीच मोकळी ठेवतो. डाग पुसण्यापूर्वी पाण्याची वाट शोधावी, हाच या पाठाचा विषय होय.

१. डाग काय सांगतो?

प्रथम घराभोवती एक फेरी घालावी. ती भर पावसात घातली तर फारच उत्तम. हिरवे शेवाळ जेथे दिसते तेथे ओल पुष्कळ काळ टिकते असे समजावे. उत्तरेकडील भिंतीस ऊन कमी लागते म्हणून ती उशिरा वाळते. पश्चिमेकडील व दक्षिणेकडील भिंतींस पावसाळी वाऱ्याबरोबर येणारी झड सोसावी लागते. शेवाळ वाळले की काळे पडते, व पुढील पावसात पुन्हा हिरवे होते. वरून खाली आलेला काळा ओघळ फुटक्या कौलाची किंवा तुंबलेल्या पन्हळीची खबर देतो. जोत्यालगत हातभर उंचीचा मातकट पट्टा हा पागोळ्यांच्या शिंतोड्यांचा असतो. भिंतीच्या पायथ्याशी पांढरी भुकटी फुटली असेल तर तिला लोणा लागला आहे. जमिनीतील ओल क्षार घेऊन भिंतीत चढते, पाणी वाऱ्यावर उडून जाते व क्षार मागे राहतो. मातीच्या बारीक नळ्या जोत्यावरून वर चढताना दिसल्या, तर ती वाळवी होय. त्या मोडून चार दिवसांनी पुन्हा पाहावे. नवी नळी बांधली गेली असेल तर वाळवीचा वावर अद्याप चालू आहे. दगडांच्या फटीत पिंपळाचे रोप दिसले तर ते हसण्यावारी नेऊ नये. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले ते बी उद्या भिंत दुभंगील. केवळ वरून कापल्याने ते पुन्हा फुटते, म्हणून रोप कोवळे असतानाच मुळासकट काढावे.

२. झाकणे म्हणजे स्वच्छ करणे नव्हे

जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टा दिसल्यास काय करावे याचे नियम आहेत. घर सात दिवस बंद ठेवून चट्टा पुन्हा पाहावयाचा; तो पसरला असल्यास तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकावयाचे, आतील गिलावा खरवडावयाचा, व नवे दगड आणि नवा गिलावा घालावयाचा. इतके करूनही चट्टा परत आला तर घर पाडावयाचे. चट्ट्यावर रंग देऊन तो झाकावा, असे तेथे कोठेही सांगितलेले नाही.

आपल्या इलाख्याचाही एक धडा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली, व पुढील वर्षी पुण्यातही तिने हाहाकार उडविला. तेव्हा सरकारी टोळ्या घरोघरी जाऊन भिंतींस चुना देत असत. चुन्याने घरे पांढरी झाली, परंतु साथ हटली नाही. १८९८ साली पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराची येथे प्रयोग करून दाखविले की, प्लेगचा प्रसार उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे होतो. रोगाचे मूळ उंदरांच्या बिळात होते, आणि माणसे कुंचला घेऊन भिंतीपाशी उभी होती. चुना निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. मूळ कारण सोडून केलेली सफाई व्यर्थ जाते, एवढाच अर्थ घ्यावा.

३. पाण्याची वाट बंद करणे

म्हणून पहिले काम छपराचे. पावसापूर्वी कौले चाळावी, पन्हळी मोकळ्या कराव्या, व माळवद असल्यास त्यावरील भेगा मातीने बुजवून पाणी निघून जाण्याचा ढाळ नीट आहे की नाही ते पाहावे. दुसरे काम पायथ्याचे. जोत्याशी माती, शेणखत, सरपण किंवा विटा रचून ठेवू नयेत; त्यांच्या आड ओल मुरते व वाळवीस आसरा मिळतो. आजकाल गावचा रस्ता दर वेळी जुन्यावर नवा थर घालून उंच होत जातो, आणि जुन्या घरांची जोती त्याच्या बरोबरीस येतात. अशा ठिकाणी भिंतीपासून बाहेर उतरता ढाळ देऊन पाणी गटारात पोहोचेल अशी तजवीज करावी. तिसरे काम सांडपाण्याचे. मोरीचे पाणी भिंतीच्या कडेने वाहू देऊ नये. भिंतीपासून व विहिरीपासून दूर शोषखड्डा खणून, त्यात तळाशी मोठे व वर लहान दगड भरून, ते तेथे जिरवावे. कोकणात झडीच्या बाजूस झावळ्यांचे झाप बांधण्याची जुनी रीत आहे. तिच्यात मोठा शहाणपणा आहे.

४. जशी भिंत तशी धुलाई

मातीच्या भिंतीवर पाणी ओतू नये. खराट्याने हलक्या हाताने धूळ व जाळी झाडावी, पोपडे काढावे, भेगा माती व भुशाच्या लिंपणाने भराव्या, आणि मग पांढऱ्या मातीचा अगर चुन्याचा हात द्यावा. लोणा लागलेली भिंत कोरड्या कुंचल्यानेच झाडावी व भुकटी गोळा करून दूर टाकावी. पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा भिंतीत शिरतो.

जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो व पाणी पितो. त्यावरील शेवाळ ओले करून ताठ कुंचल्याने घासावे, व भिंत पुरती वाळू द्यावी. यंत्राच्या जोरदार फवाऱ्याने काम लवकर होते खरे, परंतु दर्जांतील चुना अगर माती उखडते व पाणी खोल जाते. सिमेंटच्या गिलाव्यावर शेवाळ चिवट असेल तर ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून लावतात व थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुतात. ही पावडर कोणत्याही अ‍ॅसिडमध्ये मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. चुन्याच्या भिंतीस तर अ‍ॅसिड लावूच नये, कारण ते चुनाच खाऊन टाकते.

दारेखिडक्यांवरील जुना तेलरंग कोरडा घासू नये. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो, व त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला. त्यापूर्वीच्या रंगास ही खात्री नाही. असा रंग ओला करून खरवडावा, मुलांस दूर ठेवावे, व पोपडे उकिरड्यात अगर शेतात टाकू नयेत.

५. चुन्याचा गुण

चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे कळीचा चुना होतो. पाणी लागताच तो तापतो, उकळतो व विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर लावल्यावर हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे भिंतीवर आपण दगडाचाच एक पातळ पापुद्रा चढवीत असतो. तरीही त्यातून भिंतीतील ओल वाफ होऊन बाहेर पडू शकते. हाच त्याचा मोठा गुण होय. उलट मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा अगर तेलरंग दिला की ओल आत कोंडते. वरून भिंत धडधाकट दिसते आणि आतून मऊ होत जाते. पावसाळ्यात भिंत कोसळून झोपेत माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. बाहेरील चकाकीसाठी भिंतीचा श्वास कोंडू नये.

कृती अशी : मोठ्या भांड्यात आधी पाणी घ्यावे व त्यात चुन्याच्या कळ्या थोड्या थोड्या सोडाव्या. विरलेला चुना निदान एक रात्र, शक्य तर अधिक दिवस, पाण्याखाली राहू द्यावा. मग किलोस सुमारे पाच लिटर पाणी या मानाने पातळ करून फडक्यातून गाळावा. चिकटपणाकरिता डिंकाचे पाणी व पांढरेपणाकरिता किंचित नीळ घालतात. भिंत आधी पाणी शिंपडून दमट करावी, आणि कडक उन्हात काम करू नये. दाट थर एकदा देण्यापेक्षा दुधासारखे पातळ हात दोन-तीन द्यावे. पहिला वाळल्यावर दुसरा. ओला असताना तो फिका दिसतो, वाळल्यावर पांढरा होतो; म्हणून घाईने दाट करू नये. जुन्या तेलरंगावर चुना धरत नाही.

चुना डोळ्यांस फार घातक आहे. तो विरवताना मुलांस जवळ येऊ देऊ नये. तंबाखूबरोबरच्या चुन्याच्या पुड्याही त्यांच्या हाती लागू देऊ नयेत. डोळ्यात चुना उडाल्यास चोळू नये. ताबडतोब स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा-वीस मिनिटे सोडावी व लगेच दवाखाना गाठावा. शिडी एकाने धरून ठेवावी, आणि विजेच्या तारेपासून ती दूर असावी.

६. शेजाऱ्याची भिंत

शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहिली. आपल्या दारचा केर लोटून शेजाऱ्याच्या दारी गेला, किंवा आपल्या मोरीचे पाणी त्याच्या जोत्याशी मुरले, तर आपली भिंत कितीही पांढरी असली तरी ती सफाई नव्हे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन गावात शिरत व प्रथम सर्वांच्या रस्त्यापासून आरंभ करीत. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून ग्राम स्वच्छता अभियान चालविले, ते योग्यच झाले. ज्या गल्लीत चार घरे मिळून एकच गटार नीट करतात, तेथे चारही भिंती कोरड्या राहतात. आणि घरात सडा-सारवण, लिंपण ही कामे बहुधा बायकांच्याच वाट्यास येतात. शिडीवरील व गटारातील काम तरी पुरुषांनी आपले मानावे.

विचारार्थ प्रश्न :

(१) आपल्या घराच्या कोणत्या भिंतीवर दर वर्षी डाग येतो, व त्यास पाणी कोठून मिळते?

(२) लोणा लागलेली भिंत पाण्याने का धुऊ नये?

(३) मातीच्या भिंतीस सिमेंटपेक्षा चुना का मानवतो?

(४) आपल्या घरचे पाणी शेवटी कोणाच्या जोत्याशी जाऊन थांबते? ते कोणाकडून व केव्हा वळविले जाईल, हे आजच ठरवावे.