मेरी एलनची साक्ष

घर हे मुलाचे पहिले आश्रयस्थान होय. आईबापांच्या छत्राखाली मूल वाढते. त्यांच्या कारभारात परक्याने लक्ष घालू नये, अशीच जगाची सामान्य रीत आहे. परंतु कुंपणच शेत खाऊ लागले तर? ज्यांनी रक्षण करावयाचे, तेच छळ करू लागले, तर मुलाने दाद कोणाकडे मागावी? सुमारे दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात हा प्रश्न एका लहान मुलीमुळे न्यायालयापुढे उभा राहिला.

त्या मुलीचे नाव मेरी एलन विल्सन. तिचा जन्म १८६४ साली झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले, आईचीही ताटातूट झाली आणि ती पोरकी पोर अनाथांची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याच्या हाती आली. खात्याने तिला एका जोडप्याच्या स्वाधीन केले. थोड्याच काळात त्या घरातील पुरुष मरण पावला. त्याच्या पत्नीने दुसरा विवाह केला. मेरी कॉनोली हे तिचे नवे नाव. या बाईच्या घरी मेरी एलनचे बालपण कोंडून पडले.

शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून रडणे ऐकू येई. पण परक्याच्या घरात बोलावयाचे कसे, म्हणून सारे गप्प राहत. १८७३ च्या अखेरीस ही हकीकत एटा व्हीलर या बाईंच्या कानी आली. गोरगरिबांच्या वस्तीत हिंडून आजाऱ्यांची विचारपूस करणे, हे त्यांचे नित्याचे काम होते. काही निमित्त काढून त्या त्या घरी गेल्या. ऐन थंडीत अंगावर अपुरे कपडे आणि पाय उघडे, अशा स्थितीत ती मुलगी भांडी घाशीत होती. जवळच मेजावर एक चाबूक पडलेला होता.

व्हीलरबाईंनी अनेकांची दारे ठोठावली. कोणी पुरावा मागितला, कोणी आपला अधिकार चालत नाही असे सांगितले. शेवटी त्या हेन्री बर्ग यांच्याकडे गेल्या. प्राण्यांचा छळ थांबविण्यासाठी १८६६ साली संस्था स्थापन करणारे हेच ते बर्ग. त्यांनी आपले स्नेही, वकील एल्ब्रिज गेरी, यांना हे काम सांगितले. न्यायालयाने मेरी एलनला एक प्राणी समजून वाचविले, अशी एक आख्यायिका पुढे पसरली. ती खरी नव्हे. एखाद्या व्यक्तीला बेकायदा डांबून ठेवले असेल, तर तिला न्यायाधीशांपुढे हजर करण्याची आज्ञा देता येते. गेरी यांनी या कायद्याचा आधार घेतला. मुलगी ही एक व्यक्ती आहे आणि कायद्याचे संरक्षण तिलाही आहे, हेच त्यांचे म्हणणे होते.

एप्रिल १८७४ मध्ये न्यायमूर्ती अब्राहम लॉरेन्स यांनी आज्ञा केली आणि मेरी एलनला न्यायालयात आणण्यात आले. तिच्या अंगावर धड वस्त्र नव्हते, म्हणून तिला घोडागाडीतील कांबळ्यात गुंडाळले होते. तिच्या चेहऱ्यावर कात्रीने झालेली जखम सर्वांना दिसत होती. भरल्या न्यायालयात तिने आपली हकीकत सांगितली. आपले वय किती, हे तिला ठाऊक नव्हते. इतर मुलांबरोबर खेळण्याची तिला परवानगी नव्हती. जवळजवळ रोज मार बसे, पण तो का, हे तिला कधीच कळले नव्हते. कोणी आपला मुका घेतल्याचे तिला आठवत नव्हते. त्या घरी आपल्याला परत जावयाचे नाही, असेही तिने स्पष्ट सांगितले.

न्यायालयापुढे दोन वेगवेगळे प्रश्न होते. पहिला, मूल सुरक्षित कोठे राहील? दुसरा, अपराध कोणाचा? दुसऱ्याचा निकाल लागेपर्यंत पहिला थांबवून चालत नाही. म्हणून मेरी एलनला आधी त्या घरातून दूर करण्यात आले. कॉनोलीबाईवरील खटला निराळा चालला आणि तिला एक वर्ष सक्तमजुरीची शिक्षा झाली. मेरी एलनला काही काळ एका आश्रमात ठेवण्यात आले. तेथील वातावरण तिला मानवणारे नाही, हे पाहून व्हीलरबाईंनी पुन्हा न्यायमूर्तींकडे विनंती केली. मग ती व्हीलरबाईंच्या आप्तांच्या घरी वाढली. पुढे तिने संसार केला, आपल्या थोरल्या मुलीचे नाव एटा ठेवले आणि १९५६ साली, ९२ व्या वर्षी, तिने जगाचा निरोप घेतला. तिच्या प्रकरणानंतर, १८७४ च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या रक्षणासाठी स्वतंत्र संस्था निघाली.

जी वाट त्या वेळी शोधून काढावी लागली, ती आज अनेक देशांच्या कायद्यांनी आखून दिली आहे. आपल्याकडे मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला. आज देशात २०१५ चा बालन्याय अधिनियम लागू आहे. त्यानुसार जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. तिच्यात एक अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि त्यांत निदान एक स्त्री असते. या समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. संकटातील मूल सापडले, की प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे आणावे लागते. पोलीस, डॉक्टर, समाजसेवक किंवा कोणीही जबाबदार नागरिक त्याला आणू शकतो; मूल स्वतःही येऊ शकते. १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करून मदत मागता येते.

समितीपुढे येणाऱ्या अशा मुलावर आरोप नसतो. म्हणून तेथे त्याला भिण्याचे कारण नाही. समितीची बैठक बालगृहात किंवा त्याच्या जवळपास भरते. प्रकरणाशी संबंध नसलेल्यांना तेथे थांबता येत नाही. मुलाचे नाव किंवा छायाचित्र वर्तमानपत्रात छापण्यास मनाई आहे. समिती मुलाच्या घरची चौकशी करविते, आईबापांचे ऐकते आणि मुलाचेही ऐकते. घर सुरक्षित असेल, तर मूल घरीच पाठविले जाते. ते शक्य नसेल, तर आप्तांचे वा दुसऱ्या कुटुंबाचे घर पाहिले जाते. बालगृह हा शेवटचा उपाय होय.

मात्र न्यायालय कितीही दयाळू असले, तरी भिंतीपलीकडचे रडणे त्याला ऐकू येत नाही. ते शेजाऱ्याला ऐकू येते, वर्गमित्राला कळते, शिक्षकांच्या ध्यानात येते. मेरी एलनची साक्ष न्यायमूर्तींनी ऐकली, हे खरे. पण त्याआधी एका बाईने तिचे रडणे मनावर घेतले होते.

स्वाध्याय

१. शेजारी गप्प का राहत होते?
२. न्यायालयापुढील दोन प्रश्न कोणते? ते वेगळे का ठेवावे लागले?
३. मुलाविषयी निर्णय घेताना त्याचे म्हणणे ऐकणे का आवश्यक आहे? आपल्या शब्दांत लिहा.