लहान मुलांचे कान फुटणे आणि स्वमग्नता : संबंध किती, समज किती

मूल रात्री रडत उठते, कान ओढते, अंगात ताप असतो आणि सकाळी उशीवर पिवळसर डाग दिसतो. घरातील वडीलधारी मंडळी ‘कान फुटला’ असे म्हणून मोकळी होतात. लहान मुले असलेल्या घरांत हा अनुभव नसलेले घर विरळाच. अमेरिकेतील बधिरत्वविषयक राष्ट्रीय संस्थेच्या माहितीनुसार दर सहा मुलांपैकी पाच मुलांना तिसऱ्या वाढदिवसापूर्वी एकदा तरी मध्यकर्णदाह होतो. आपल्याकडे दाट वस्ती, पावसाळ्यातील दमटपणा आणि वारंवार होणारी सर्दी यांची त्यात भर पडते. काशीगाव, काशीमिरा, घोडबंदर रस्ता या परिसरातील मातांना हे वेगळे सांगावयास नको.

अलीकडे मात्र बाह्यरुग्ण विभागात पालक एक निराळा प्रश्न विचारू लागले आहेत. ‘बाळाचे कान सारखे वाहात होते, आता ते बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, कानामुळेच त्याला स्वमग्नता आली का?’ या प्रश्नामागे बहुधा अपराधी भावना दडलेली असते. म्हणून याविषयी शास्त्राला काय ठाऊक आहे, ते यंदाच्या अहवालात थोडे सविस्तर मांडीत आहोत.

प्रथम कानाची रचना पाहू. पडद्याच्या आतील पोकळीस मध्यकर्ण म्हणतात. ही पोकळी एका बारीक नळीने नाकाच्या मागील भागाशी जोडलेली असते. मोठ्या माणसांत ही नळी तिरपी असते. बालकांत ती आखूड व जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दीचा संसर्ग कानापर्यंत सहज पोहोचतो. नळी बंद झाली की आत पाणी साचते. त्यात जंतुसंसर्ग झाल्यास ठणका लागतो, ताप येतो, कधी पडद्यास छिद्र पडून पू बाहेर येतो. परंतु याहून फसवा प्रकार आहे तो न दुखणारा. पडद्यामागे चिकट पाणी महिनोन्महिने तसेच राहते; मूल रडत नाही, तापत नाही, फक्त कमी ऐकते. दोन्ही कानांत बोटे घालून कुणाचे बोलणे ऐकून पाहावे, म्हणजे त्या मुलाला जग कसे ऐकू येते याची कल्पना येईल. बोलणे कळते, पण शब्दांचे काठ पुसट होतात. नेमक्या याच वयात मूल भाषा शिकत असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या नोंदींवरून केले. त्यांपैकी काही मुले बहिरी असावीत असा संशय आधी घेतला गेला होता. म्हणजे कान आणि स्वमग्नता यांची गाठ या आजाराच्या नोंदीच्या पहिल्या दिवसापासूनच पडलेली आहे. १९८७ मध्ये कॅनडातील कॉन्स्टँटारिअस व होमाटिडिस या संशोधिकांनी स्वमग्न मुलांत कानाचे संसर्ग इतर मुलांपेक्षा अधिक आढळतात असे नोंदविले. स्वीडनमधील रोझेनहॉल व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १९९ स्वमग्न मुले व किशोरवयीनांची श्रवणतपासणी प्रसिद्ध केली. त्यांत सुमारे २३.५ टक्के मुलांच्या मध्यकर्णात पाणी साचलेले आढळले. २०१६ मध्ये अमेरिकी सैनिक कुटुंबांच्या वैद्यकीय नोंदींवरून झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. शिवाय कानामागील हाडापर्यंत संसर्ग पोहोचण्याचे प्रमाण स्वमग्न मुलांत दुपटीहून अधिक होते. २०२३ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील दहा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोंडाने श्वास घेणे, घोरणे, कान ओढणे, कानातून पू येणे ही लक्षणे पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्या मुलांत लहानपणी अधिक होती असे त्यात आढळले.

एवढे वाचून कोणाही पालकाच्या छातीत धस्स होईल. परंतु याच संशोधकांनी स्पष्ट केले आहे की ही लक्षणे असलेल्या बहुसंख्य मुलांना स्वमग्नता होत नाही, आणि या नोंदींवरून कान हे कारण ठरत नाही. साधा हिशेब पाहावा. मध्यकर्णदाह बहुतेक सर्व मुलांना केव्हा ना केव्हा होतो. स्वमग्नता जगभरात साधारण शंभरात एका मुलास असते. कान फुटल्याने स्वमग्नता येत असती, तर वर्गातील निम्मी मुले स्वमग्न दिसली असती.

मग दोन्ही गोष्टी एकत्र अधिक का आढळतात? याची उत्तरे अनेक आहेत आणि ती एकमेकांस छेद देत नाहीत. ज्या आनुवंशिक कारणांनी मेंदूची घडण वेगळी होते, त्यांपैकी काहींचा परिणाम चेहऱ्याच्या व त्या नळीच्या रचनेवर किंवा रोगप्रतिकारशक्तीवरही होत असणे शक्य आहे. स्वमग्न मुलास डॉक्टरांकडे वरचेवर नेले जाते, त्यामुळे त्याच्या कानातील दोष नोंदला जाण्याची शक्यताही वाढते. आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे हे, की ज्या मुलाला ‘कान दुखतो’ असे सांगता येत नाही, त्याचा कान वेळेवर पाहिलाच जात नाही. हाडापर्यंत पोहोचलेल्या संसर्गाचा वर दिलेला आकडा बहुधा हीच कथा सांगतो. स्वमग्न मूल अचानक डोके भिंतीवर आपटू लागले, कानावर चापटी मारू लागले, रात्री झोपेनासे झाले, तर ‘हा त्याचा स्वभावच’ असे म्हणून सोडून देऊ नये. आधी कान पाहून घ्यावा.

स्वमग्नतेच्या मुळाशी आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल व पश्चिम ऑस्ट्रेलिया येथील वीस लाख व्यक्तींच्या नोंदींवरील २०१९ च्या अभ्यासाने तो सुमारे ८० टक्के असल्याचा अंदाज दिला. आईने बाळाला आडवे घेऊन दूध पाजले, कान वाहात असता दोन दिवस उशिरा दाखविले, म्हणून स्वमग्नता आली असे मुळीच नाही. लसीविषयीचा समज तर केव्हाच निकालात निघाला आहे. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला तो गाजलेला लेख त्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. उलट गोवराची व न्यूमोकॉकल लस कानाच्या संसर्गापासूनही काही अंशी संरक्षण देते. यांपैकी दुसरी लस सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कमी ऐकणारे मूल हाकेला ओ देत नाही, उशिरा बोलते, आपल्यातच रमते आणि स्वमग्न वाटते. स्वमग्न मूल हाकेला ओ देत नाही आणि बहिरे वाटते. घरच्या घरी थोडा फरक कळू शकतो. केवळ ऐकण्याचा दोष असलेले मूल डोळ्यांत पाहते, बोट दाखविते, खुणांनी मागते, आईचा पदर ओढून तिला हव्या त्या वस्तूपाशी नेऊन तिच्याकडे वळून पाहते. स्वमग्न मूल नावाने हाक मारल्यास ढिम्म राहील, पण शेजारच्या खोलीत आवडत्या जाहिरातीची धून लागताच धावत जाईल. तथापि यावर विसंबून राहू नये. पडद्यामागील पाणी सर्दीबरोबर कमीजास्त होते, त्यामुळे कानाचा दोष असलेले मूलही ‘कधी ऐकते, कधी नाही’ असेच वागते. शिवाय एकाच मुलात दोन्ही दोष असू शकतात. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मज्जाविकासाचे दोष असलेल्या मुलांपैकी जवळजवळ एकपंचमांश मुलांत एकाहून अधिक दोष होते, आणि श्रवणदोष हा सर्वाधिक आढळणाऱ्या दोषांपैकी एक होता.

म्हणून न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी ही पहिली पायरी होय. येथेही एक खाचखळगा आहे. कानात बारीक नळी ठेवून होणारी ‘ओएई’ चाचणी मध्यकर्णात पाणी असले तरी नापास येते. त्या एका कागदावरून मूल कायमचे बहिरे ठरविले गेल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. सोबत पडद्याची हालचाल मोजणारी टिंपॅनोमेट्री आणि गरजेनुसार झोपेत केली जाणारी ‘बेरा’ चाचणी हवी. स्वमग्न मूल हेडफोन सहन करीत नाही, अनोळखी खोलीत घाबरते. त्याला दोनतीनदा आणावे लागते, आधी नुसते खेळू द्यावे लागते. ध्वनिरोधक खोली आणि धीर धरणारा तंत्रज्ञ यांवर होणारा खर्च देणगीदारांना ताळेबंदात दिसतो. तो का करावा लागतो, ते यावरून ध्यानी यावे.

न दुखणारे पाणी बहुतेक मुलांत तीन महिन्यांत आपोआप ओसरते. तोवर वाट पाहणे योग्य. त्यानंतरही श्रवण कमी राहिल्यास पडद्यात ग्रॉमेट ही बारीक नळी बसवितात. स्वमग्न मुलावरही हा उपचार अवश्य करावा. ऐकू येऊ लागले की त्याचे लक्ष व बोलणे सुधारण्यास मदत होते. परंतु कान बरा केल्याने स्वमग्नता जाईल, असे आश्वासन देऊन पैसे घेणाऱ्यांपासून सावध राहावे. याहून वाईट म्हणजे नुसती वाट पाहणे. ‘याचे वडीलही पाच वर्षांचे होईतो बोलत नव्हते’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की त्यात किती मुलांचे मोलाचे महिने गेले असतील याची गणती नाही. दीड वर्षाचे मूल बोट दाखवीत नसेल, नावास प्रतिसाद देत नसेल, तर कानाचा उपचार आणि विकासाची तपासणी एकाच वेळी सुरू करावी. एक संपण्याची वाट पाहून दुसरे सुरू करू नये.

घरगुती उपायांबद्दल थोडे स्पष्टच लिहितो. बाळाला न्हाऊ घातल्यावर कानात कोमट तेल सोडणे, लसूण कढवून घालणे, धुरी देणे या चाली प्रेमापोटीच आहेत. परंतु पडद्यास छिद्र असल्यास तेल थेट आत जाते आणि धूर त्या बारीक नळीस सूज आणतो. वाहता कान कोरडा ठेवावा, अंघोळीचे पाणी जाऊ देऊ नये. बाळाला बाटलीने आडवे पाजू नये. घरात विडी-सिगारेट ओढू नये. प्रतिजैविकांचा डोस अर्धवट सोडू नये आणि मागील वेळचे उरलेले थेंब तर मुळीच घालू नयेत.

शासकीय सोयींची माहिती अनेक कुटुंबांना नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या शेजारच्या पालघर येथे झाला. कानाचे विकार, श्रवणदोष, भाषाविलंब व स्वमग्नता या सर्वांचा त्यात समावेश आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी पथक येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. पुढील मूल्यमापनासाठी मिरा रोडहून लोकलने वांद्र्यास जाऊन अली यावर जंग संस्थेत दाखविता येते. मुंबईतच २००१ पासून ‘उमीद’ बालविकास केंद्रही कार्यरत आहे. स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट असल्याने प्रमाणपत्र मिळते, आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण घेता येते. त्यासाठीची कागदपत्रे भरण्यास आमच्या समाजसेवा विभागात मदत केली जाते. येताना मुलाचे लसीकरण कार्ड, आधीचे सर्व तपासणी अहवाल आणि मूल घरी कसे वागते याचे मोबाइलवर घेतलेले दोन-तीन मिनिटांचे चित्रण सोबत आणावे. तपासणीच्या खोलीत जे दिसत नाही, ते पुष्कळदा त्या चित्रणात दिसते.