पानगळ म्हणजे मरण नव्हे

डहाणू-तलासरीकडील बंधुभगिनींनो, फाल्गुनांत आपल्या डोंगरांवर साग निष्पर्ण उभा असतो, गवत वाळलेलें असतें आणि पळस तेवढा फुलांनीं लाल दिसतो. मग हें रान मेलें काय? नाहीं. आपल्याकडील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर ह्या 4 महिन्यांत पडतो. उरलेले 8 महिने जवळजवळ कोरडे जातात. आफ्रिकेंतील विस्तीर्ण गवताळ रानांतही असाच दीर्घ कोरडा काळ असतो. पानांवाटे पाणी उडून जातें, म्हणून साग पानें टाकून आपली ओल राखतो. गवताचें पातें वाळतें, परंतु मूळ जिवंत राहतें. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यांत उरणाऱ्या बीजाविषयीं यशया संदेष्ट्यानेंही सांगितलें आहे (यश. 6:13).

परंतु मोहाचीं फुलें सहज वेंचतां यावीं म्हणून आपण झाडाखालील पाचोळा पेटवितों, तेव्हां मोठें झाड बहुधा तगतें. कोवळीं रोपें मात्र जळतात, आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसांत वाहून जाते. असें दरवर्षीं होत राहिल्यास जुन्या मोहाची जागा कोण घेईल? देवानें राखलेलें बीज आपण जाळूं नये. पाचोळा झाडून बाजूस करावा, अशी आम्ही सर्व मंडळ्यांस विनंति करितों.