फुटबॉलसाठी साखळी सोडावी का?

जीआरईची तयारी करणाऱ्या आपल्या सीनियर मंडळींना स्टॅनफर्ड, बर्कली, परड्यू, मिशिगन ही नावे तोंडपाठ असतात. कुठला प्रोफेसर कशावर काम करतो, कुठे एड मिळते, सगळे ठाऊक! पण अमेरिकेतल्या सामान्य माणसाला हीच विद्यापीठे शनिवारच्या फुटबॉलमुळे माहीत असतात. (हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू घेऊन एकमेकांवर आदळायचा त्यांचा फुटबॉल.) गेली काही वर्षे तिथे एक प्रश्न गाजतो आहे: फुटबॉलच्या पैशासाठी कॉलेजने आपली कॉन्फरन्स बदलावी का? मला हा प्रश्न थेट आपल्या ऑप्टिमायझेशनच्या पेपरातला वाटला, म्हणून हा लेखप्रपंच.

कॉन्फरन्स म्हणजे काय?

इथे कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमित सामने खेळणाऱ्या कॉलेजांची साखळी. पूर्वी ती बहुतेक शेजारच्या कॉलेजांची असे, कारण बसने जाऊन-येऊन खेळता आले पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावरची 'पॅक-१२' ही अशीच साखळी, आपली परंपरा १९१५ पासूनची सांगणारी.

मग टीव्ही आला. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणावर एनसीएए या मध्यवर्ती संस्थेने ठेवलेले नियंत्रण बेकायदेशीर आहे. त्यानंतर कॉलेजे आणि त्यांच्या साखळ्या आपापले सामने स्वतः विकू लागल्या. ज्या साखळीत मोठी नावे, तिला मोठा करार. ऑगस्ट २०२२ मध्ये 'बिग टेन' या साखळीने सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा करार जाहीर केला. आता एवढा पैसा दिसल्यावर कोण गप्प बसेल?

पॅक-१२ कशी फुटली?

जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जात असल्याचे सांगितले. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो 'बिग १२' कडे वळले. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी आणखी पाच कॉलेजे गेली. मग स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी सप्टेंबरमध्ये एसीसीचा रस्ता धरला. एसीसीचे पूर्ण नाव 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स' आणि ही दोन्ही कॉलेजे पॅसिफिकच्या बाजूची! बिग टेनमध्ये तर आता १८ कॉलेजे आहेत. भूगोल आणि गणित, दोन्ही विषयांत नापास.

मागे उरली दोनच, ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्यांचे काहीही चुकले नव्हते. प्रत्येक जाणाऱ्याने स्वतःपुरता बरोबर हिशेब केला आणि सगळ्यांच्या बरोबर हिशेबांची बेरीज म्हणजे शंभर वर्षांची साखळी मोडणे.

जाणाऱ्यांची बाजू

याला निव्वळ हावरटपणा म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. अमेरिकन कॉलेजात पोहणे, रोइंग, व्हॉलीबॉल, कुस्ती असे खेळ बहुधा फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या कमाईवर जगतात. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठानेही जुलै २०२० मध्ये ११ खेळ बंद करायचे ठरवले होते. ओरड झाल्यावर मे २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेतला. त्यात २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी दर कॉलेजला कमाल सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. हा पैसा कुठून तरी आणावा लागणारच.

मग गडबड कुठे आहे?

माझ्या मते गडबड ऑब्जेक्टिव्ह फंक्शनमध्ये आहे. त्यात 'टीव्हीचे उत्पन्न' हे एकच व्हेरिएबल घेतले आणि कन्स्ट्रेंट्स लिहायचे राहून गेले.

फुटबॉलचे नियमित सामने वर्षाला साधारण १२, तेही बहुतेक शनिवारी. त्यातले निम्मे परगावी. म्हणजे लांबचे प्रवास पाच-सहाच. पण व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉलचे सामने कितीतरी जास्त आणि आठवड्याच्या मधल्या वारीही. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीच्या रटगर्सला जायचे तर जवळजवळ ४,००० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्ली हवाई अंतराच्या तिपटीहून जास्त. वर घड्याळात तीन तासांचा फरक. परत येऊन सकाळच्या लेक्चरला बसायचे, सबमिशन द्यायचे. टीव्हीच्या करारात या मुलामुलींसाठी कुणी फारशी बोली लावलेली नाही, पण प्रवास त्यांच्याच वाट्याला.

यूसीएलए आणि बर्कली एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाचा भाग आहेत. त्यांच्या नियामक मंडळाने यूसीएलएला परवानगी देताना खेळाडूंचा आहार आणि अभ्यासासाठी जादा खर्च करण्याची अट घातली, आणि बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायला लावले. म्हणजे एकाच्या जाण्याने दुसऱ्याचे नुकसान होते, हे तिथे अधिकृतपणे मान्य झाले.

मधला मार्ग आहे का?

आहे. नोत्र दाम विद्यापीठाचा फुटबॉल संघ स्वतंत्र खेळतो आणि त्यांचे बहुतेक इतर खेळ २०१३ पासून एसीसीत आहेत. तुम्ही म्हणाल, त्यांचे नाव मोठे, त्यांना चालते. बरोबर. पण कनेक्टिकट बघा. २०२० मध्ये सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर भरून ते जुन्या साखळीतून बाहेर पडले, जवळच्या 'बिग ईस्ट'मध्ये परतले आणि फुटबॉल स्वतंत्र ठेवला. पुढे त्यांच्या पुरुष बास्केटबॉल संघाने २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली.

म्हणून माझे उत्तर असे: फुटबॉलने साखळी बदलायला हरकत नाही, पण फुटबॉलने एकट्याने जावे. बाकीचे खेळ जवळच्या साखळीत राहू द्यावेत. नवी साखळी "सगळे या, नाहीतर कुणीच नको" असे म्हणत असेल, तर सही करण्यापूर्वी दोन आकडे जाहीर करावेत. प्रत्येक संघाचे वर्षाला किती किलोमीटर वाढणार आणि किती लेक्चर बुडणार? हे आकडे न मांडता "फायदा आहे" म्हणणे म्हणजे लोड न काढता बीम डिझाइन करणे.

आपल्याकडे असा टीव्हीचा पैसा नाही, पण सगळ्यांचा हिशेब एकाच आकड्यावर करायची सवय मात्र आहे. पुढच्या वेळी जिमखान्याच्या बजेटची मीटिंग भरेल, तेव्हा सर्वांत कमी टाळ्या मिळवणाऱ्या खेळाच्या कॅप्टनला आधी बोलू द्या. खर्च कुठे पडतो, ते त्याला नेमके माहीत असते.