आकाशातला कचरा



२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात अनेक ठिकाणी लोकांना आकाशातून काहीतरी जळत जाताना दिसले. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. जवळच्या पवनपारला धातूचा गोळा सापडला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. तज्ज्ञांच्या मते ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी अग्निबाणाचे तुकडे होते.

आपण राहतो त्या सौदी अरेबियातही असे घडले आहे. जानेवारी २००१ मध्ये अमेरिकन अग्निबाणाचे सुमारे ७० किलो वजनाचे टायटॅनियमचे कवच रियाधपासून सुमारे २४० किलोमीटरवर पडले.

पण खाली आलेला कचरा निदान उचलता येतो. वर फिरत राहणारा कचरा अधिक धोक्याचा. त्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर! या वेगाने खफजीहून मुंबई सहा मिनिटांत गाठता येईल. एवढ्या वेगात लहानसा बोल्टही उपग्रह निकामी करू शकतो.

१० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर, अमेरिकेचा चालू उपग्रह 'इरिडियम ३३' आणि रशियाचा बंद पडलेला 'कॉसमॉस २२५१' एकमेकांवर आदळले. दोन उपग्रहांचे दोन हजारांहून अधिक मोठे तुकडे झाले. प्रत्येक तुकडा आणखी एखाद्या उपग्रहाला धडकू शकतो. टकरीतून तुकडे, तुकड्यांतून पुन्हा टकरी, या साखळीचा इशारा डोनाल्ड केसलर या शास्त्रज्ञाने १९७८ सालीच दिला होता.

चक्रीवादळाची आगाऊ सूचना, जहाजांना वाट दाखवणे, ही कामे उपग्रह करतात. ते निकामी झाले तर कोकणातल्या कोळ्यांचे आणि आखातातल्या जहाजांचेही नुकसान होईल.

यावर उपाय आहे. काम संपलेला उपग्रह इंधन शिल्लक असतानाच खाली आणायचा. २०१९ मध्ये भारताने क्षेपणास्त्र चाचणीत स्वतःचाच उपग्रह फोडला, तेव्हा कचरा वाढला होता. पण ७ मार्च २०२३ रोजी इस्रोने 'मेघा-ट्रॉपिक्स' हा जुना उपग्रह उरलेल्या इंधनावर प्रशांत महासागराच्या निर्जन भागावर आणून संपवला. खेळ झाला की पसारा आवरायचा, हा घरातला नियम आकाशालाही लागू आहे, असे आम्हांला वाटते.

शब्दार्थ : अग्निबाण – रॉकेट, निकामी – बिघडलेले, निरुपयोगी, निर्जन – जिथे माणसे राहत नाहीत असे.

स्वाध्याय
१. वरचा कचरा खाली पडलेल्या कचऱ्यापेक्षा धोक्याचा का?
२. खफजी ते मुंबई सरळ अंतर सुमारे २७०० किलोमीटर आहे. सहा मिनिटांचे उत्तर पडताळून पाहा. (आईबाबांची मदत चालेल!)