गार्ड काढलास का?

लालबाग,
९ जुलै २०२३

चि. बाळास,


परवा आपल्या चाळीतला एकजण परळच्या त्या टॉवरच्या बागेत तुला गवत कापताना बघून आला. म्हणाला, पोरगं पायात स्लीपर घालून मशीन फिरवत होतं आणि पात्यावरचा गार्ड काढलेला होता. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. फोन केला तर "हो काका, बघतो काका" म्हणून तू मोकळा झालास. म्हणून लिहितोय. तुला मुंबईला आणताना मी तुझ्या आईला शब्द दिला होता. तिला काय सांगू?

गार्ड काढलास की नाही, एवढं आधी सांग.

तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. पावसाचं ओलं गवत गार्डखाली गुंडाळतं, मशीन सारखं बंद करावं लागतं, कंत्राटदार ओरडतो, तोच म्हणतो काढून टाक. अरे, पात्याला खडा लागला तर तो गोळीसारखा येतो. पंधरा मीटरच्या आत दुसरं माणूस नको, असं मशीनच्या पुस्तकातच छापलेलं असतं, आणि तू तर त्याची काठी धरून उभा! त्यात अडकलेलं गवत इंजिन चालू ठेवून बोटांनी ओढायचं? तुमच्यातल्या एका पोराचं बोट तसंच गेलं, कंत्राटदाराने पाच हजार हातावर ठेवून कागदावर सही घेतली, असं कानावर आलंय. खरं असेल तर त्याला सांग, त्या सहीने त्याचा हक्क जात नाही. भरपाई सोडल्याचा करार कायद्याने रद्दच ठरतो. अपघातापासून दोन वर्षांच्या आत कामगार-भरपाईच्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो. मी येईन बरोबर.

हा भरपाईचा कायदा १९२३ चा. आपल्या डिलाईल रोडला ज्यांचं नाव दिलंय ते ना. म. जोशी तेव्हा कामगारांचे प्रतिनिधी म्हणून दिल्लीच्या कायदेमंडळात बसत. त्यात अंगाअंगाचा हिशेब आहे. अख्खा अंगठा गेला तर कमाईची ताकद तीस टक्के गेली, अंगठ्याजवळचं बोट गेलं तर चौदा. वाचताना काटा येतो, पण तो हिशेब आपल्या बाजूचा आहे. मात्र त्यातच लिहिलंय की सुरक्षेसाठी लावलेला गार्ड कामगाराने जाणूनबुजून काढला आणि त्यामुळे इजा झाली, तर मालक भरपाई द्यायला बांधील नाही. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तरच ही सबब चालत नाही. बोट गेलं, एक डोळा गेला, तर कंत्राटदार म्हणणार, त्यानेच काढला. आणि साक्षीला कोण उभं राहणार?

साक्षीला मी होतो, बाळा. हे तुझ्या बाबालाही मी कधी सांगितलं नाही.

१९७९ साल. मी गिरणीच्या लूम खात्यात बदली कामगार. धोटा उडू नये म्हणून साच्यावर, म्हणजे मागावर, एक दांडा असायचा. तुटलेला धागा जोडताना तो आड यायचा, म्हणून जॉबरच तो वर बांधायला सांगायचा, आणि आम्ही बांधायचो. बाजूच्या साच्यावर आपल्या गावचा, आपल्याच खोलीत राहणारा माझा सोबती. कपाटातल्या फोटोत माझ्या खांद्यावर हात टाकून उभा आहे, तो. धोटा उडाला आणि त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. जॉबरने लिहिलं, याने मनाने दांडा बांधला. खाली सही माझी. बदलीचं काम जाईल ही भीती होती, दुसरं काही नाही. गिरणीत ईएसआय, म्हणजे कामगार विमा योजना, होती म्हणून त्याला थोडे पैसे तरी मिळाले. काम मात्र गेलं. तो गावी परतला. पुढे कितीतरी वर्षं गणपतीत गेलो की मी त्याच्या दारावरून जायचं टाळून मागच्या पाणंदीने घरी जायचो.

तुझ्या पगारातून ईएसआय कापतात का, ते बघ. नसतील कापत, तर तुला आधार त्या १९२३ च्या कायद्याचाच, आणि तिथे गार्डची अट आहे. कंत्राटदार गार्ड काढ म्हणाला तर चार जणांदेखत नाही म्हण. काम गेलं तर लालबागला निघून ये. आपली खोली लहान आहे, पण तुझी गादी अजून माळ्यावर आहे.

फार बोललो. रागावू नकोस. तुझा हात चांगला आहे, रोपाला कसं हाताळतोस ते मी बघितलंय.

काल नागदेवी स्ट्रीटला जाऊन जाड काचेचा चष्मा आणि बूट आणलेत. बुटाचं माप अंदाजाने घेतलंय, पावती ठेवलीय. येत्या रविवारी जेवायला ये, काकी वडे-सागुती करतेय. चष्म्याचा पट्टा माझ्या डोक्याला लावून बघितला, तुला थोडा सैल होईल. आलास की घट्ट करून देतो.

तुझा,
काका